प्लास्टरमध्ये निघून जाईल



आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी दरवर्षी आपल्याला योहान बाप्तिस्ता भेटतो. यशया संदेष्ट्याचे शब्द घेऊन तो प्रभूसाठी वाटा सरळ करायला सांगतो. यंदा 'सरळ' हा शब्द वाचताना मला लोणी देवकरमधील एक घर आठवले. "नाव सोडून सगळं सांगा, फादर," अशी घरमालकाची परवानगी आहे.

हा गृहस्थ एमआयडीसीत नोकरीला आहे. धाकट्या भावाचे लग्न ठरले तेव्हा जुन्या घराला लागून मागे १२ फूट बाय १० फुटांची खोली काढायचे ठरले. मजुरी वाचावी म्हणून दोघा भावांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच काम सुरू केले. (सुट्टी रविवारची. त्या दिवसांत दोघेही मिस्साला दिसत नव्हते, ते तूर्त सोडून देऊ.)

आखणी करताना थोरल्याने जुन्या भिंतीवरून नुसत्या नजरेने दोरी ताणली. गवंडी असे करत नाही. तो कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट मोजतो. त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले, तरच कोपरा गुण्यात आहे असे मानतो. पहिला थर लागल्यावर धाकट्याने टेप लावून पाहिला. अर्धा इंच जास्त भरला.

"दादा, गुण्यात नाही."

"अर्ध्या इंचानं काय होतंय? प्लास्टरमध्ये निघून जाईल."

त्या अर्ध्या इंचाचे १२ फुटांवर अडीच इंच होतात. आतून गिलावा लागतो तो जेमतेम अर्ध्या इंचाचा. त्यात अडीच इंच कुठे लपणार? सिमेंट साधारण अर्ध्या तासानंतर धरू लागते. तोपर्यंत वीट थापीच्या एका ठोक्याने सरकते. नंतर ती हलवली तर सांधाच सुटतो, म्हणून वीट काढून, साफ करून पुन्हा लावावी लागते. पहिल्या थराला हे तासाभराचे काम होते. धाकटा पुन्हा बोलला, तेव्हा थोरल्याने चारचौघांत सुनावले, "खोली तुझ्यासाठीच चाललीय आणि मलाच शिकवतोस?" दुसऱ्या रविवारी धाकटा आला नाही. लग्न करून तो भिगवणला भाड्याच्या खोलीत राहायला गेला.

ओळंबा आणि दोरी एकट्यालाही वापरता येते. लेव्हलच्या नळीचे तसे नाही. एका टोकाशी एक जण, दुसऱ्या टोकाशी दुसरा आणि मधे पाणी. तिकडचा थांबला असे सांगतो, तेव्हा इकडचा खूण करतो. दुसरे टोक धरायला कोणी उरले नव्हते, म्हणून थोरल्याने पुढचे सगळे नजरेवर उरकले.

गेल्या नाताळाआधी मी त्या खोलीला आशीर्वाद द्यायला गेलो होतो. पवित्र पाणी शिंपडत असताना मागचे दार करकरत आपोआप उघडले. लावले, पुन्हा उघडले. चौकट ओळंब्यात नव्हती. आई निमूटपणे उठली आणि तिने दाराला दगड लावला. दगड तिथलाच होता, रोजचा. मी प्रार्थना पूर्ण केली, "छान झाली खोली" म्हणालो आणि चहा घेऊन निघालो. धाकटा कुठे आहे, हे मी विचारले नाही. म्हणजे त्या दिवशी प्लास्टर मीही केले.

यशयाच्या ३०व्या अध्यायात एका उंच भिंतीचे चित्र आहे. तिला पोट येते आणि मग ती एका क्षणात कोसळते. पोट मात्र एका क्षणात येत नाही. इटलीतील पिसा शहरात कॅथेड्रलचा घंटामनोरा आहे. ११७३ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि तिसऱ्या मजल्याच्या सुमारास तो कलू लागला, कारण खालची माती मऊ होती. सुमारे शंभर वर्षांनी काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा कललेल्या बाजूला वरचे मजले थोडे उंच बांधून तोल सावरण्याचा प्रयत्न झाला. त्याने मनोरा सरळ झाला नाही, उलट वाकडा झाला आणि पुढेही कलतच राहिला. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. अखेर तज्ज्ञांनी उंच बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढली आणि मनोरा सुमारे ४५ सेंटिमीटर मागे आला. २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. आजही तो कललेलाच आहे, पण धोका टळला.

आपणही वरचे मजलेच उंच करतो. घरात अबोला असला की चर्चला देणगी वाढवतो, नोव्हेना धरतो. देणगी चांगली, नोव्हेनाही चांगली, पण माती पायाखालची काढायची असते. काही जण याच्या उलट करतात. बारीकसारीक चुकीने रात्रभर झोपत नाहीत. त्यांना सांगतो, वीटकामाच्या भारतीय मानकातही ३ मीटर उंचीला ६ मिलिमीटरची सूट आहे. माणसाच्या हाताला तेवढे माफ असते.

यंदा दिवाळीनंतर त्या घरी एका अनुभवी गवंड्याने ओळंबा सोडून पाहिले. कोपरा गुण्यात नाही तो राहू दे, म्हणाला, फरशी कापून बसवता येईल. पण चौकट काढावी लागेल, आणि मागची भिंत अर्ध्या विटेची आहे, तिला पोट आलंय, ती खिडकीच्या तळापर्यंत उतरवावी लागेल. थोरल्याने दोन दिवस विचार केला आणि भिगवणला फोन लावला. माफीबिफीचा शब्द त्याला जमला नाही. एवढेच म्हणाला, "रविवारी नळीचं दुसरं टोक धरायला येशील का?"

त्या रविवारी दोघे आधी मिस्साला आले, मग कामाला लागले. दुपारी मी गेलो तेव्हा आई ओट्यावर बसून बघत होती. दोन भाऊ दोन टोकांना नळी धरून उभे होते.

"थांबलं का पाणी?"

"हलतंय अजून. थांब जरा... हां, थांबलं."

धाकटा अजून भिगवणलाच राहतो. दार आता लागते. दगड मात्र आईने हलवू दिलेला नाही.

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत मी पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसेन. ज्यांना आधी कुणाला फोन लावायचा आहे, त्यांनी तो लावून यावे. उशीर झाला तरी मी थांबेन.