भिंत कोणाची?

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगरात चोवीस लेणी आहेत. त्यांतील तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिने आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी गाणारा लांबलचक लेख कोरविला आहे. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दारावरील एक लेख मात्र अवघ्या काही शब्दांचा आहे. नाशिककरांपैकी धंभिक गावाचे हे दान, एवढेच तो सांगतो. दाता राजा नाही, श्रेष्ठी नाही. एक गाव आहे. दान दिले म्हणजे नक्षीही गावानेच ठरविली असे अर्थातच म्हणता येत नाही. तरीही साधनेच्या आणि ज्ञानाच्या त्या स्थानी, अगदी दर्शनी भागावर, गावाला जागा मिळाली हे खरे.

आज ज्ञानाचे स्थान म्हणजे विद्यापीठ. त्याच्या आवारातील भिंतींवर काय रंगवावे, हे आसपासच्या लोकसमूहाने ठरवावे, असा विचार जगात अनेक ठिकाणी रुजला आहे. वरवर पाहता हा सुशोभनाचा प्रश्न दिसतो. आम्हांस तो न्यायाचा वाटतो.

भिंत बोलते हे ख्रिस्तसभेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इसवी सन ६०० च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनस यांनी मूर्तिपूजेच्या भयाने चर्चमधील चित्रे नष्ट केली, तेव्हा पोप थोर ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून समज दिली. चित्रांची आराधना करू नये हे खरे, परंतु ज्याला अक्षर येत नाही तो भिंतीवर वाचतो, असा त्या पत्राचा आशय आहे. चर्चमधील चित्रकलेवर त्या पत्राचे मोठे उपकार आहेत. पण त्यातही बोलणारा एक आणि ऐकणारा दुसरा आहे. निरक्षराने भिंत वाचावी. भिंतीवर काय असावे हे त्याला विचारावे, ही पुढची पायरी तेथे नाही.

विसाव्या शतकातही ती सहजासहजी आली नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात दाविद सिकेरोस या चित्रकाराने १९५२ ते १९५६ या काळात एक भव्य भित्तिशिल्प उभारले. जनता विद्यापीठाकडे, विद्यापीठ जनतेकडे, असे त्याचे नाव. नाव दुहेरी असले तरी त्यातील विद्यार्थी हात पसरून आपले ज्ञान राष्ट्राला अर्पण करताना दिसतात आणि रचनाही सिकेरोस यांचीच आहे. जनता चित्राचा विषय झाली, चित्राची कर्ती झाली नाही.

आपल्या नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात, १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ज्ञानगंगा घरोघरी, हे त्याचे ब्रीद. ज्याला रोज वर्गात येऊन बसता येत नाही, अशा गृहिणीचे आणि कामगाराचे हे विद्यापीठ. समजा, अशा विद्यापीठाच्या भिंतीवर लोकांनी ठरविलेले चित्र काढायचे झाले, तर ते लोक कोण? आवारात रोज येणारे, की ज्यांच्या घरी गंगा जाते ते? आम्ही म्हणू, दुसरे. घराची भिंतही कधीतरी विद्यापीठाकडे यावी.

आणि ती कशी यावी, हा खरा अवघड भाग आहे. महाराष्ट्रात किती तरी संस्थांच्या कुंपणभिंतींवर वारली आकृत्या आढळतात: तारपा वाजविणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे. दिसते छान. परंतु वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी काढतात. तांदळाच्या पिठाने, सारवलेल्या भिंतीवर, पालघाट देवीला मध्ये बसवून. तो त्या लग्नापुरता असतो. मग तो लग्नाबाहेर नेणे चूक का? तसे नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला विधीबाहेर कागदावर व कापडावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र तो निर्णय एका वारल्याचा होता. कंत्राट घेऊन पुस्तकातील आकृती उतरविणाऱ्या रंगाऱ्याची गोष्ट निराळी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. दहा तोंडांनी ठरविलेले चित्र कोणालाच दुखवीत नाही आणि काहीच सांगत नाही. आक्षेपात तथ्य आहे. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात विनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र रंगविले. त्यांची दृष्टी अत्यंत अधू होती, पुढे ती पूर्ण गेली. विद्यार्थी मदतीला होते, तरी चित्राला एकसंधपणा आला तो एका मनामुळे. पण वाचकहो, कुंचला एकाच्या हाती असणे आणि काय सांगायचे ते एकानेच ठरविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात सांगितले की, लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्या संस्थेने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय होय. ते तत्त्व समाजव्यवस्थेसाठी सांगितले गेले. आम्ही ते भिंतीलाही लावतो. गावाने आशय द्यावा, चित्रकाराने रूप द्यावे.

मात्र आशय गोड असेलच असे नाही. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरी उतरतात. तेथील माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात. त्यांना विचारले तर ती कदाचित फेराचा नाच सांगणार नाहीत. रिकामी विहीर सांगतील, परक्याच्या बागेतला घड सांगतील. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी त्यावर चुना फिरणार असेल, तर विचारले तरी कशाला?

आणि विचारायचेच असेल तर बैठक केव्हा घ्यायची, तेही पाहावे लागेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात म्हातारी माणसे तेवढी सापडतील. बाकीची द्राक्षतोडीवर असतात. मुकादमाला सांगून, जेवणाच्या सुट्टीत, बागेच्या बांधावरच बसावे लागेल.