जीव वाचल्यानंतरचा प्रश्न

पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेला सैनिक सहसा फार दिवस जगत नसे. गोळीतून वाचलेला तो नंतर मरायचा, मूत्रमार्गाच्या संसर्गानं किंवा पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळून. त्याच्यासाठी वेगळी खुर्ची, वेगळं घर, वेगळा कामधंदा यांचा विचार करण्याची वेळच कुणावर येत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सल्फा औषधं होती, पाठोपाठ पेनिसिलिन आलं आणि हे सैनिक जगू लागले. विशी-पंचविशीतली मुलं, कुणाचं कमरेखाली तर कुणाचं मानेखाली शरीर निकामी, आणि समोर अख्खं आयुष्य पडलेलं. डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं होतं. त्या चोख कामातूनच असा प्रश्न उभा राहिला की ज्याचं उत्तर औषधांच्या कपाटात सापडणारं नव्हतं.

कॅनडानं जगाला काय दिलं असं विचारलं की आपल्या तोंडी आधी इन्सुलिनचं नाव येतं, आणि ते योग्यच आहे. पण त्या देशाच्या विज्ञानाचा स्वभाव मला अधिक स्पष्ट दिसतो तो या दुसऱ्या प्रश्नाला तिथं दिल्या गेलेल्या उत्तरात. जीव वाचला, आता जगायचं कसं?

हा प्रश्न सरकारला आपोआप पडला नाही, तो पाडावा लागला. हॅमिल्टनच्या रेजिमेंटमधला जॉन काउन्सेल हा अधिकारी ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्समधल्या दिएपच्या किनाऱ्यावर जखमी झाला आणि त्याचे पाय निकामी झाले. तेव्हाची रुग्णालयातली चाकाची खुर्ची म्हणजे लाकूड आणि वेताचं अवजड धूड. वॉर्डातून फिरवायला ठीक, पण मोटारीत घालून कुठं न्यायची म्हटलं तर अशक्य. अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण अभियंत्यानं हॅरी जेनिंग्ज या मित्राच्या मदतीनं तीसच्या दशकात पोलादी नळ्यांची, घडी होणारी खुर्ची बनवली होती. एव्हरेस्टची स्वतःची पाठ खाणीतल्या अपघातात मोडलेली होती. काउन्सेलनं तसली खुर्ची मिळवली आणि बरोबरीच्या माजी सैनिकांनाही ती सरकारनं द्यावी म्हणून पाठपुरावा केला. १९४५ मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी कॅनेडियन पॅराप्लेजिक असोसिएशन उभी केली. संस्था रुग्णांची होती आणि चालवणारेही रुग्णच होते.

आता ज्यांचे हात शाबूत होते ते चाकं ढकलून फिरू लागले. मानेला इजा झालेल्यांचं काय? त्यांना कुणीतरी ढकलणारं लागायचंच. इथं ओटावातल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा जॉर्ज क्लाइन कामाला लागला. क्लाइन हाही हॅमिल्टनचाच, पेशानं यांत्रिक अभियंता. बर्फाचा अभ्यास, विमानांच्या स्की, अणुभट्टी असं वाटेल ते त्याच्या हाताखालून गेलेलं. अशा माणसाकडे खुर्ची सोपवली गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. दयाबुद्धीनं बनवलेली वस्तू आणि गणित म्हणून सोडवलेली वस्तू यांत फरक असतो, आणि वापरणाऱ्याला तो पहिल्या दिवशी कळतो.

खुर्चीला मोटर लावायची कल्पना क्लाइनच्याही आधीची. पण नुसती मोटर लावून भागत नाही. खुर्ची घरातल्या बोळात वळली पाहिजे आणि ज्याच्या बोटांत पकड नाही त्याला ती चालवता आली पाहिजे. क्लाइननं दोन्ही चाकांना स्वतंत्र गती दिली. एक चाक दुसऱ्यापेक्षा वेगळं फिरलं की खुर्ची अगदी थोड्या जागेत वळते. मोटारीसारखा लांब वळसा घ्यावा लागत नाही. आणि हे सगळं एका उभ्या दांडीवर आणून ठेवलं. आज तिला आपण जॉयस्टिक म्हणतो. ती मुठीत धरावी लागत नाही. हाताच्या मागच्या बाजूनं रेटली तरी चालते. पुढे रेटली की पुढे, बाजूला रेटली की त्या बाजूला. शरीरात जेवढी हालचाल शिल्लक आहे तेवढ्यावर यंत्रानं भागवायचं, ही त्यातली खरी युक्ती. पुढे याच क्लाइनला वयाच्या बहात्तराव्या वर्षी, निवृत्तीतून बोलावून, अंतराळयानाच्या कॅनडार्म या यांत्रिक हाताच्या गिअरसाठी सल्लागार नेमलं. त्या हाताचा पुढचा अवतार, कॅनडार्म-२, कॅनडाच्या नोटेवर झळकला. खुर्चीच्या वाट्याला तसं काही आलं नाही.

आता इन्सुलिनकडे पुन्हा पाहिलं तर तेही मला याच रांगेतलं दिसतं. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला संशोधक बँटिंग आणि बेस्ट यांनी काढलेल्या अर्काचं इंजेक्शन दिलं गेलं. अर्क गढूळ होता, फारसा उपयोग झाला नाही, सुई टोचली तिथं गळू मात्र झालं. जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञानं तो शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी मुलाची साखर उतरली. मुलगा बरा झाला असं आपण सहज म्हणून टाकतो, पण तो बरा झाला नाही. तो १९३५ पर्यंत जगला, सुईच्या सोबतीनं. इन्सुलिननं मधुमेह हटवला नाही. मधुमेह घेऊन जगता येईल एवढं केलं. (नोबेलच्या वाटणीवरून या मंडळींत झालेली भांडणं फार रंगवून सांगितली जातात. मला गळवाची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते.) ज्या घरात फ्रिज नाही तिथं आजही इन्सुलिनची बाटली माठाच्या गारव्यात ठेवतात. शंभर वर्षांपूर्वी टोरांटोत सुरू झालेलं काम अजून त्या माठापाशी चालूच आहे.

पेसमेकरचंही तेच. १९५० च्या सुमारास टोरांटोत शल्यचिकित्सक बिगेलो आणि कॅलाहन, आणि त्याच नॅशनल रिसर्च कौन्सिलचा विद्युत अभियंता जॉन हॉप्स यांनी तो बनवला. टेबलावर ठेवण्याएवढा डबा, भिंतीतल्या विजेवर चालणारा. पुढे छातीत बसणारे पेसमेकर आले आणि म्हातारपणी हॉप्सला स्वतःलाच तो बसवावा लागला.

इथं कॅनडाचं गुणगान थांबवून एक खटकणारी गोष्ट सांगायला हवी. बँटिंगच्या गटानं इन्सुलिनचा हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलरला दिला, ही कथा त्यागाची म्हणून सांगतात. ती अर्धी आहे. पेटंट घेतलं ते दुसऱ्या कुणी घेऊन अडवू नये म्हणून. मग विद्यापीठानं समिती नेमून दर्जावर लक्ष ठेवलं. कॉनॉट लॅबोरेटरीजला आणि अमेरिकेत एली लिलीला उत्पादनाला लावलं. देणं आणि पोचवणं, दोन्हींची व्यवस्था केली. खुर्चीच्या बाबतीत पहिलं झालं, दुसरं घरात झालं नाही. नमुना १९५५ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याला दिला गेला आणि बाजारात खुर्ची आणली ती एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या अमेरिकी कंपनीनं. ज्या देशानं ती घडवली, तिथल्याच लोकांनी ती बाहेरून विकत घेतली. नुसतं उदार असून चालत नाही, कारखानाही लागतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. प्रश्न ऐकला गेला तो विचारणारे सैनिक होते म्हणून. पोलिओनं लुळी पडलेली मुलं, लाकूडतोडीत आणि खाणीत पाठ मोडलेले कामगार तोवर नव्हते का? होते. पण त्यांच्या मागे राष्ट्राचं ऋण वगैरे शब्द नव्हते. आपल्याकडेही फार निराळं नाही. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, आणि असायलाच हवं. नारळाच्या झाडावरून पडलेल्या कोकणातल्या माणसाला मात्र बहुधा घरातली खाटच उरते.

म्हणून मला त्या साखळीतला सर्वात मोलाचा माणूस कधी कधी रोलाँ गालार्नो वाटतो. क्वेबेकमधल्या हल गावचा, जवळपास अंध. त्यानं रिले जोडून जोडून, आपल्या घरच्या तळघरात, छापील मजकुराचं ब्रेलमध्ये रूपांतर करणारं यंत्र उभं केलं. १९७२ मध्ये ते कामाला लागलं. तो कुणाच्या ऋणाची वाट पाहत बसला नाही. पण प्रत्येकाच्या हातात गालार्नोचे हात नसतात, आणि म्हणूनच विचारणारे आणि ऐकणारे दोन्ही लागतात.

२०२३ मध्ये मुंबईत दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथांच्या तोंडाशी खांब रोवले गेले. ते इतके जवळजवळ होते की चाकाची खुर्ची मधून जाईना. थोड्या जागेत वळणारी खुर्ची असली तरी तिला आधी पदपथावर शिरायला तर हवं. चाकाच्या खुर्चीवरच्या एका मुंबईकरानं उच्च न्यायालयाला ई-मेल केला, आणि न्यायालयानं तीच जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतली.