घासाघीस

"असली माळ आमची पोरसुद्धा घरी करील," असे मी तुळजापूरच्या बाजारात एका बाईला म्हणालो, आणि त्या एका वाक्यापायी गेल्या वर्षीच्या माझ्या दिवाळीतल्या चार संध्याकाळी खर्ची पडल्या.

कोजागरीची यात्रा होऊन गेली होती. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर भवानी पलंगावर निद्रा घेते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. ती आली की पायी आलेले लाखो लोक परततात, आणि मग आमच्यासारखे गर्दीला भिणारे सोलापूरकर दर्शनाला निघतात. पंचेचाळीस किलोमीटर ते काय अंतर! पुण्याहून सुटीला आलेली दहा वर्षांची नात बरोबर होती. दर्शन झाले, पायऱ्या चढून आम्ही बाहेर आलो, आणि बाजारात ती एका दुकानासमोर खिळून उभी राहिली. दुकान म्हणजे एक फळी आणि वर ताडपत्री. हळदी-कुंकवाचे ढीग, परड्या, पोत, देवीचे टाक, आणि आडव्या बांबूवर ओळीने लोंबणाऱ्या कवड्यांच्या माळा.

माळेचा भाव दीडशे रुपये होता. मी ऐंशी म्हणालो. भाव न करता वस्तू घेतली तर आपण फसलो असे ज्यांना रात्री झोपताना वाटते, त्या पिढीतला मी आहे. बाई खाली येईना, मी वर जाईना; आणि शेवटी ते वाक्य माझ्या तोंडून गेले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती नुसती म्हणाली, "मग करा की, बाबा. सुट्ट्या कवड्या देते." आणि तिने मोजून साठ कवड्या कागदात बांधल्या. रुपयाला एक. "पंधरा-वीस फुटतील, त्या धरून दिल्यात," एवढे वर सांगितले.

नातीला आनंदच झाला. शाळेने सुटीत 'घरच्या घरी, कमी खर्चात' करायची एखादी वस्तू सांगितली होती. आकाशकंदील सगळी मुले करणार, मातीचा किल्ला पुण्याच्या सदनिकेत करायचा कुठे? कवड्यांची माळ मात्र वर्गात दुसऱ्या कुणाची असणार नव्हती.

कवडी हातात घेऊन तुम्ही कधी नीट पाहिली आहे काय? पोटाशी दाते असलेली एक फट असते. तेवढेच तिचे तोंड. पाठ मात्र चिनी मातीच्या बरणीसारखी गुळगुळीत आणि बंद. दोरा ओवायचा तर आत जायला वाट आहे, बाहेर पडायला नाही. मी पुरुषी बुद्धीने खिळा आणि हातोडी घेतली. सहा कवड्यांचा चुरा झाल्यावर सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "फोडायला कोणी सांगितलंय? घासा." मागच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर पाणी टाकायचे, कवडी पालथी धरायची आणि गोल गोल घासत राहायचे. आधी वरची पिवळट चकाकी जाते. मग खाली जांभळट रंग दिसू लागतो. मग पाठ इतकी पातळ होते की मधोमध एक लांबट भोक आपोआप उघडते. पाणी आटू द्यायचे नाही. कोरडी पूड नाकातोंडात जाणे बरे नव्हे. आणि घाई केली की शेवटच्या क्षणी कड तुटते. एकेका कवडीला पाच-सहा मिनिटे लागतात. तिसऱ्या संध्याकाळी कवडी आधी झिजते की बोटांची कातडी, अशी मला शंका येऊ लागली. भावाला घासाघीस हा शब्द ज्याने लावला तो माणूस फरशीशी बसलेला असणार. माझी बाजारातली घासाघीस दोन मिनिटांची होती. घरची संपता संपेना.

ओवण्याचे काम त्या मानाने गमतीचे. सुताच्या दोरीला मेण लावून ती ताठ करून घेतली, म्हणजे सुईचे दाभण नसले तरी चालते. आमच्याकडे पोत्यांचे दाभण होते. प्रत्येक कवडीनंतर एक गाठ. गाठ दिली नाही तर कवड्या मनाला येईल तशा फिरतात आणि अर्ध्यांची तोंडे गळ्याकडे जातात. आमच्या पहिल्या दहा तशा गेल्या. सगळे उसवून पुन्हा ओवले. साठांपैकी त्रेचाळीस उरल्या. माळ झाली. जरा वाकडी, एके ठिकाणी गाठी दाट, एके ठिकाणी विरळ. पण माळ झाली.

नात ती गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हिची किंमत किती?"

मुलांच्या प्रश्नांना 'अमूल्य' असे उत्तर देऊन सुटका करून घेता येते. पण आयुष्यभर हिशेबात गेलेल्या माणसाला तो मोह आवरतो. मी कागद-पेन्सिल घेतली. कवड्यांचे साठ रुपये. दोरी आणि मेण मिळून दहा. म्हणजे सत्तर. बाईने सांगितलेला भाव दीडशे, तेव्हा मजुरीचे राहिले ऐंशी. आम्हा दोघांचे मिळून सात तास धरले. तासाला साधारण साडेअकरा रुपये! आणि मी जो ऐंशीचा भाव मागितला होता, त्यात सात तासांच्या मजुरीला उरत होते दहा रुपये. एका चहाचे पैसे. मी कागद उलटा ठेवला. नातीला म्हणालो, "दीडशे." ती म्हणाली, "म्हणजे त्या मावशींनी बरोबर सांगितली होती."

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. घरी केलेली वस्तू स्वस्त पडते असे आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर? केवळ आपले तास आपण मोजीत नाही म्हणून. आजीने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, दोन उन्हाळे ती शिवत होती; घरात सगळे म्हणत, "फुकटात झाली." ती फुकटात झाली नव्हती. आजी फुकटात गेली होती. पण आजीला तसे कुणी म्हटले असते तर तिने त्याला घराबाहेर काढले असते, हेही खरे. ती वाकळ तिने आम्हाला दिली होती. देणाऱ्याचे तास मोजणे हा त्याचा अपमान असतो. मग विकणाऱ्याचे तास न मोजणे हा कोण?

माझ्या शाळेत टकळीचा तास असे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मूलोद्योगातून शिक्षण ही योजना मांडली, तिचे ते आमच्यापर्यंत आलेले शेपूट. मूळ योजना फार धीट होती: मुलांनी हाताने केलेल्या कामाच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार भागावा. त्यावर टीकाही झाली. शाळांचे कारखाने होतील, मुलांना राबवले जाईल, असे लोक म्हणाले. आमच्या वर्गाने तर शिक्षकाच्या चहाचाही खर्च भागवला नसता. माझा पेळू दर वीतभर सुतानंतर तुटे. पण तुटलेले सूत जोडता जोडता एक गोष्ट कळली होती, की धोतर झाडाला लागत नाही. ती मी पुढे साफ विसरलो. शिक्षणाचे असेच असते.

सोलापुरात राहून तर हे विसरणे अधिकच लाजिरवाणे. आमच्या गावात हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. सुपात पाने, तंबाखू, दोरा. बोलता बोलता, पोराला दटावता दटावता हात चालू. त्यांना मजुरी तासावर मिळत नाही, हजार विड्यांवर मिळते. हजार वळायला किती वेळ लागला, हा ज्याचा त्याचा प्रश्न. घरी केलेल्या कामाला घड्याळ नसते ही गोष्ट हौशी माणसाला जितकी सुखाची, तितकीच पोटासाठी करणाऱ्याला जाचक. विलायतेत विल्यम मॉरिससारखा मोठा मनुष्य ह्याच ठिकाणी अडकला. यंत्राच्या कुरूप मालाऐवजी हाताने केलेली सुंदर वस्तू प्रत्येक घरात असावी हे त्याचे स्वप्न. पण कारागिरांच्या कामाचे पुरते दाम धरल्यावर त्या वस्तू श्रीमंतांखेरीज कुणाला परवडेनात. गरिबाच्या घरी हातची वस्तू यायची तर कुणाचे तरी तास बुडवावे लागतात. स्वतःचे नाहीतर दुसऱ्याचे.

आणि ही सगळी चर्चा कशावरून? तर कवडीवरून! आपल्या भाषेत जिला काही मोल नाही ती वस्तू कवडीमोल. वास्तविक ती एकेकाळी नाणेच होती. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवला राहिला होता, तेथून कवड्या बंगालात जात आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ येई, असे त्याने लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीसही सिल्हेटचा सरकारी महसूल कवड्यांत गोळा होत असे, नावा भरभरून. नाणे म्हणून तिची किंमत गेली आणि बालाघाटच्या ह्या डोंगरावर, समुद्रापासून इतक्या लांब, ती देवीची म्हणून भक्ताच्या गळ्यात राहिली. शिवछत्रपतींच्या चित्रांत मोत्यांच्या कंठ्याइतक्याच मानाने आपण ती माळ काढतो.

माझा हिशेब मी शेजारच्या एका निवृत्त स्नेह्यांना दाखवला. ते हसले. "तुम्ही दोघे नवशिके, आणि तुमचे तास त्या बाईच्या नावावर मांडता? शिवाय भाव करणे म्हणजे दोन माणसांनी एकमेकांशी बोलणे. ठरल्या किमतीच्या दुकानात कोण कुणाशी बोलतो?" दुसरा मुद्दा मला पटला नाही. बोलायचेच असेल तर दीडशे देऊनही बोलता येते. पहिल्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. आणि ते म्हणाले, "सगळ्यांनी तुमच्यासारखी घरीच माळ केली तर ती खाणार काय?" ह्यालाही नव्हते. हाताने करून पाहिल्याखेरीज त्या हातांची किंमत कळत नाही, आणि सगळेच करू लागले तर त्या हातांना गिऱ्हाईक उरत नाही. सुदैवाने सगळे करीत नाहीत. एका माळेतच पुरे होते.

पौषात शाकंभरी नवरात्राला पुन्हा तुळजापूरला जाणे झाले. नातीने फोनवरून बजावले होते, "ती माळ त्या मावशींना दाखवा." शाळेत दाखवून झाल्यावर तिने ती माझ्याकडे परत धाडली होती, वाटेत शेवटची गाठ सैल झाली होती. बाई तीच, फळी तीच. मी खिशातून माळ काढली. तिने ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली, कवडीच्या पाठीवरून बोट फिरवले आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

"बाबा, घासत बसलासा व्हय? भोकाच्या कवड्या मिळत्यात की. आमी त्याच आणतो."

"मग मला बंद का दिल्या?"

"तुमीच म्हनलासा, घरी करतो. मला वाटलं समदंच घरी करायचंय."

माझा साडेअकरा रुपयांचा हिशेब तिथेच गळून पडला. तीन महिने मी ज्या बाईची मनातल्या मनात कीव करीत होतो, ती माझी कीव करीत होती. मी विचारले, "एक माळ व्हायला किती वेळ लागतो?"

"गिऱ्हाईक नसलं तर तासात. असलं तर दिसभर लागतो."

"आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत इथं बसता, तो वेळ?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "बसायचा कसला पैसा?" एवढे म्हणून तिने आमची सैल गाठ दातांनी सोडली, दोरी ओढून घेतली आणि दोन फेऱ्यांत पुन्हा बांधली. त्या गाठीने आमच्या बेचाळीस गाठी एकदम पोरकट दिसू लागल्या. मी पाकीट काढले. गाठीचे पैसे घ्यायला ती तयार नव्हती. तेव्हा मी बांबूवरची एक माळ मागितली आणि दीडशे पुढे केले.

"एकशेतीस द्या," ती म्हणाली.

"दीडशेच."

"आवं, मी कमी करतीया तर तुमी वाडवतासा? एकशेतीस."

शेजारचा फुलवाला फुले टाकून ऐकू लागला. मी म्हटले, मागच्या वेळचे माझ्याकडे राहिले आहेत. ती म्हणाली, काही राहिलेले नाही, कवड्यांचे पैसे रोख मिळाले होते. दोन्ही बाजूंनी नेट लावून अखेर एकशेचाळीसवर सौदा पटला. माळ कागदात बांधताना तिने वर तीन सुट्ट्या कवड्या टाकल्या, पोरीला म्हणून. भोकाच्या होत्या.