पाण्याची मर्यादा

गोव्यातला पेडणे तालुका दोन नद्यांच्या मध्ये वसला आहे. उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा. दोन्ही महाराष्ट्राच्या हद्दीत सह्याद्रीतून उतरतात आणि समुद्राजवळ येता येता भरतीच्या खाऱ्या पाण्यात मिसळून जातात. या दोन नद्यांच्या मधल्या कोरगावात खाजनाची शेती आहे. खाजन म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन: बाहेर चिखलमातीचा बांध, बांधात मानस म्हणजे पाण्याची झडप, आत पोंय म्हणजे साठवणीचं तळं, आणि तिच्या अंगाखांद्याला भाताचे कुणगे. मानशीचं लाकडी दार भरतीच्या लोटानं मिटतं आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं. मातीत साचलेलं मीठ पहिला पाऊस धुऊन नेतो, आणि उरलेला खारेपणा सोसणारं कोरगुट भात तिथे उभं राहतं. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. नदी नासते ते पाप कुणाचं, आणि त्याला पाप म्हणावं का, हा प्रश्न या बांधावर उभं राहून विचारला तर त्याचं उत्तर वेगळं येतं, असं मला वाटतं.

एरवी या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरं मिळतात. श्रद्धावान म्हणतो, नदी स्वतःच पावन करणारी, तिला विटाळ कसला? दुसरा म्हणतो, पापपुण्याच्या गोष्टी बाजूला ठेवा, हा रसायनांचा हिशेब आहे. पहिल्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते झटकून टाकू नये. वाहती नदी खरोखरच स्वतःला शुद्ध करते. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या आधारानं सूक्ष्मजीव घाण पचवतात. पण या ताकदीला माप आहे. ही घाण पचवायला लिटरभर पाण्यातला ३ मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन खर्ची पडत असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचा तो पट्टा प्रदूषित धरतं. २०१८ साली मंडळानं देशभरातल्या अशा ३५१ पट्ट्यांची यादी केली. त्यात गोव्यातले ११ होते. तेरेखोल होती, शापोरा होती, डिचोली आणि वाळवंटीही होत्या. नदी पावन करते हे खरं मानणाऱ्यानंच सर्वांत आधी विचारायला हवं की ती किती पावन करू शकते. आईच्या सोसण्याला अंत नाही असं धरून चालणं ही काही भक्ती नव्हे.

दुसऱ्या उत्तराशी माझा वाद वेगळा आहे. ते रसायनांचा हिशेब मांडतं, पण त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट सोडून देतं. युरियातला नत्र भाताच्या मुळाशी असतो तेव्हा ते अन्न असतं. पीक टाकलेल्यापैकी साधारण निम्मा, पुष्कळदा त्याहूनही कमी, नत्र उचलतं. गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि खतं घालायचे दिवसही तेच. राहिलेला नत्र ओहोळात उतरतो. तिथे तो शेवाळ पोसतो, शेवाळ मरून कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासा गुदमरतो. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी हवेतला नत्र पकडून अमोनिया बनवून दाखवला, तेव्हापासून जगाची कोठारं भरली. आणि मिसिसिपी नदीवाटे अमेरिकेतल्या शेतांचं खत मेक्सिकोच्या आखातात जाऊन तिथला हजारो चौरस किलोमीटरचा समुद्र दर उन्हाळ्यात प्राणवायूविना पडू लागला. द्रव्य तेच, जागा तेवढी बदलली.

मातीचंही तसंच. पेडणे-डिचोलीत सातेरी वारुळाच्या रूपानं पुजली जाते. गाभाऱ्यातली ती लाल माती म्हणजे देवी. डिचोलीच्या खाणपट्ट्यात तीच लाल माती डोंगरातून उपसून ढिगांनी रचली गेली आणि दर पावसाळ्यात ओहोळांवाटे शेतांत आणि नदीत आली. शिरगाव, मुळगाव, पिळगाव या गावांनी ती शेतात साचलेली पाहिली आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली; ढीग मात्र पाऊस अंगावर घेत उभेच राहिले. याच डिचोली तालुक्यात नार्वे आहे. तिथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, आणि श्रावणातल्या अष्टमीला आजही तिथे तीर्थस्नानाला लोक जमतात. देवळातली माती वंदनीय आणि पाण्यातली माती गाळ, हे कसं? यावर मला एकच उत्तर सापडतं. पावित्र्य वस्तूत नसतं, वस्तू आपल्या जागी असण्यात असतं. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे: मर्यादा. समुद्र मर्यादा सोडत नाही असं आपण म्हणतो, माणसानं मर्यादेनं वागावं असंही म्हणतो. खाजनाचा बांध हा या दोन्ही अर्थांचा एकच चिखल आहे.

इथे कुणी म्हणेल, पापाला हेतू लागतो. कोरगावचा शेतकरी मासे मारायला खत घालत नाही, भात पिकवायला घालतो. हेतू नाही तर दोष कसला? ही हरकत जड आहे आणि तिचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या द्वेषावर बेतलेली नाही, प्रमादावर बेतली आहे: बेसावधपणानं जीव दुखावला तर ती हिंसाच. धर्मशास्त्रातली पंचसूनेची कल्पना आणखी पुढे जाते. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच जागी गृहस्थाच्या हातून नकळत जीव मरतात; त्याला जगायचं असेल तर हे टळत नाही. म्हणून त्याला गुन्हेगार ठरवलेलं नाही, त्याच्यावर रोजचं एक ऋण टाकलं आहे आणि ते रोज फेडायचं आहे. शेतीचं पाणी नदीत उतरणं ही मला सहावी सूना वाटते. ती टळणार नाही, पण तिची रोजची फेड ठरवता येते: खत एकदम न टाकता हप्त्यानं देणं, मुसळधार पावसाच्या तोंडावर हात आवरणं, काठाला गवताचा पट्टा राखणं, आणि खाजनात जिथे जमेल तिथे खताची फारशी भूक नसलेलं कोरगुट टिकवणं. जया-ज्योती या सुधारित वाणांपेक्षा त्याचं उत्पन्न कमी येतं, आणि ही तूट एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. नदी सगळ्यांची असेल तर कोरगुटाला चढा भाव देणं हे तांदूळ विकत घेणाऱ्याच्या ऋणात धरलं पाहिजे.

पण पंचसूना मनुस्मृतीतही आहे, आणि इथे मला थांबावंच लागतं. पाण्याच्या पावित्र्याची भाषा आपल्या समाजात पाणी स्वच्छ राखायला फार थोडी वापरली गेली, माणसांना पाण्यापासून दूर ठेवायला मात्र फार वापरली गेली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर केवळ पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळण्यात आली. माणसाच्या स्पर्शानं पाणी विटाळतं असं मानणारा समाज पाण्यात प्रत्यक्ष काय सोडलं जातंय याकडे डोळेझाक करत राहिला. ही जोडी योगायोगाची नाही: विटाळ माणसाच्या अंगावर चिकटवला की कृतीची तपासणी करायची गरज उरत नाही. म्हणून मर्यादा हा शब्द मी वापरतो तो माणसांमधल्या भिंतीसाठी नव्हे, कृतीच्या हद्दीसाठी. गावकारीबद्दलही, म्हणजे गावाची जमीन सामायिकपणे राखणाऱ्या कोमुनिदादीबद्दलही, हेच. कोमुनिदादींनी शतकानुशतकं बांध राखले हे खरं, पण त्यांचे वाटेकरी मूळ गावकऱ्यांचे पुरुष वंशज होते. बांधाचा चिखल वाहणारे हात पुष्कळदा त्या वाट्याबाहेरचे होते. १९६४ च्या कूळ कायद्यानं कसणाऱ्याला संरक्षण दिलं, ही न्यायाची गोष्ट झाली. बांध राखण्याची सामूहिक सवय त्यानंतर अनेक ठिकाणी सैल पडली हेही तितकंच खरं. जुनी विषमता परत न आणता ती सवय परत आणता येते की नाही, हे काम कसणाऱ्या कुळांच्या संघांपुढे आजही पडून आहे.

शेतकऱ्यालाच का धरता, असंही विचारलं जाईल. रास्त आहे. गोव्याच्या नद्यांत तपासणीत वारंवार सापडतात ते मलजन्य जिवाणू, आणि ते युरियातून येत नाहीत. ते झिरपणाऱ्या शौचटाक्यांतून, वस्तीतून, किनाऱ्यावर वाढलेल्या हॉटेलांतून येतात. ज्यानं जास्त सोडलं त्याचं ऋण मोठं, याबद्दल वाद नको. पण शौचटाकी हीदेखील एक मर्यादाच आहे, चिऱ्याची नि सिमेंटची. आणि ती फुटली की नाही हे बघणं ही त्या घराची नित्याची पूजा का असू नये, याचं उत्तर मला कुठल्याही शास्त्रात मिळालेलं नाही.

राहते एक अडचण, जिच्यापुढे कोरगावचा बांधही अपुरा आहे. मानस समुद्राची भरती अडवते. वरून येणारं पाणी अडवण्यासाठी ती बांधलेलीच नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गात डोंगर उघडे करून रबर आणि अननस लावले जातात, बांद्याची वस्ती तेरेखोलीला लागून वाढते, आणि त्यांची माती, त्यांचं सांडपाणी राज्याची सीमा ओळखत नाही. तिळारी धरणात महाराष्ट्र आणि गोवा मिळून पाणी साठवतात, कालव्यांनी ते पेडणे-डिचोलीपर्यंत येतं, आणि कुणाला किती पाणी मिळायचं ते करारानं ठरलेलं आहे. बांद्याचा बागायतदार, दोडामार्गचा रबरवाला आणि कोरगावचं कूळ हे एकाच बांधाचे वाटेकरी आहेत असं धरून त्या पाण्याच्या गुणाचाही असाच करार करायला हवा.