विहिरीवरची ती स्त्री

आजचं वचन : योहान ४:१-४२



मे महिन्यातली दुपार कशी असते हे कामठीकरांना सांगायला नको. बाराच्या उन्हात कोणी हौसेने पाण्याला जात नाही. म्हणून शोमरोनी स्त्री भर दुपारी एकटीच याकोबाच्या विहिरीवर येते, तेव्हा मला आधी तिचं एकटेपण दिसतं. (वचनात कारण दिलेलं नाही, हा माझा अंदाज.)

तिचे पाच पती झाले होते आणि आता सोबत होता तो तिचा पती नव्हता. येशूला हे ठाऊक होतं. पण क्रम बघा ना! आधी तो तिच्याकडे पाणी मागतो, मग जिवंत पाण्याविषयी बोलतो, पतीचा विषय त्यानंतर. आपलं उलटं असतं. आधी चौकशी, मग जमलं तर दया.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमधल्या फुलहॅममध्ये, समाजाने "पतित" ठरवलेल्या स्त्रियांना सिस्टर्स प्रेमाने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. त्यांनी वाचलेल्या शास्त्रांत अशा स्त्रीसाठी दया नव्हती. हे कशामुळे, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना हाच अध्याय वाचून दाखवला. १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी ते लिहिलं आहे. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी घर उभं राहिलं, त्याचं नाव कृपासदन.

मग पाप फुकटच माफ होतं का? ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? तरुणांच्या सभेत हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तच आहे. येशू पाप झाकत नाही, तिच्यासमोर बोलून दाखवतो. त्याची किंमत त्याने वधस्तंभावर स्वतः भरली, हा आपला विश्वास. आणि जक्कय आठवा : लुबाडलेलं चौपट परत करीन असं तो म्हणाला खरा, पण येशूने त्याच्या घरी उतरायचं त्याआधीच ठरवलं होतं. क्षमा मिळाली म्हणून परतफेड टळली नाही, उलट तिथूनच ती सुरू झाली.

अवघड जातं ते आपल्याला. देवाने मिटवलेलं प्रकरण आपण चर्चच्या मागच्या बाकावर कुजबुजत उघडं ठेवतो. ती स्त्री मात्र घागर टाकून त्याच गावात गेली, जिथे तिची सगळी हकिकत लोकांना माहीत असणार. आणि तिच्या शब्दावरून पुष्कळांनी विश्वास ठेवला!

प्रभू येशू, माझं सगळं जाणूनही तू माझ्याजवळ बसतोस. या रविवारी ज्याच्या शेजारी कोणी बसत नाही, त्याच्याजवळ मला बसव. आमेन.