आधी माल, मग अडत्या

धुळ्याच्या देवपूर भागात एक तरुण राहत होता. लग्नसराईत लोकांच्या हळदी आणि वराती शूट करायचा, एरवी सिनेमे पाहायचा आणि रात्री वहीत पटकथा लिहीत बसायचा. पटकथा त्याच्या मावशीवर होती. मावशी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. ओली लाल मिरची उन्हात पसरायची, खालीवर करायची, वाळली की देठं खुडायची. नाकातोंडाला फडकं बांधलेलं असलं तरी ठसका चुकायचा नाही. संध्याकाळी घरी आली की हातांना तेल चोळायची आणि आग उतरेपर्यंत तान्ह्या लेकीला उचलून घ्यायची नाही. लेक रडायची, मावशी भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहायची. हे त्याने लहानपणी पाहिलं होतं. सिनेमा केला तर याच्यावरच करायचा, हे तेव्हापासून त्याच्या मनात पक्कं होतं.

पण त्याआधी त्याला एजंट हवा होता. मुंबईत एजंटशिवाय कुणी दारात उभं करत नाही, असं त्याने ऐकलं होतं. म्हणून तो एजन्सींचे पत्ते शोधून मेल पाठवत राहिला. उत्तर कुणाचंच येईना. शेवटी अंधेरीहून एक फोन आला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. तुमच्यात दम आहे म्हणाला, नोंदणीचे चाळीस हजार भरा, मोठ्या निर्मात्यांशी गाठ घालून देतो म्हणाला. मुलगा हरखून गेला. लग्नसराईची कमाई हाताशी होती, आणि कमी पडले तर कॅमेरा विकायचीही त्याची तयारी होती.

निघायच्या आदल्या दिवशी मावशी धुळ्याला आली. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुनी फिलम कोठे शे? माले दखाड."

"आजून बनी नही, मावशी."

"मंग तो इकी काय?"

मावशीला सिनेमातलं काही कळत नव्हतं, पण बाजार समिती तिला चांगली कळत होती. शेतकरी गाडी भरून माल आणतो, अडत्या लिलाव लावतो, भाव ओढून घेतो आणि माल विकला गेला की मगच त्याला त्याची अडत मिळते. वावरात रोप लावायच्या आधीच अडतीचे पैसे मागायला आलेला अडत्या तिने कधी पाहिला नव्हता. तेवढं तिने भाच्याला सांगितलं आणि चहा टाकायला उठली. मुलाने मुंबईचं तिकीट रद्द केलं.

मावशीला ठाऊक नसेल, पण आपल्या सिनेमाची सुरुवातच 'आधी माल, मग पैसे' या व्यवहाराने झाली आहे. 1912 साली दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, कॅमेरा खरेदी करून परत आले आणि भांडवल शोधू लागले. मी सिनेमा काढीन, या नुसत्या शब्दावर पैसे कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एक चौकट टिपली. सगळं मिळून इवलंसंच चित्र झालं असेल. पण पडद्यावर कोंब मातीतून वर आला, पानं उलगडली, वेल चढू लागला, आणि पाहणाऱ्यांना जे शब्दांनी पटलं नव्हतं ते डोळ्यांनी पटलं. 'अंकुराची वाढ' पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. पुढे 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या सिनेमाचा गौरव आपण नेहमी करतो. मला त्या वाटाण्याचं मोल तेवढंच वाटतं. महिनाभर रोज एकच चौकट घ्यायला जो धीर लागतो, त्या धीरावरच पुढचं कर्ज मिळालं.

आणि एवढ्या मागे तरी कशाला जायचं? धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरात मालेगाव येतं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. क्रेन नव्हती तर बैलगाडीवरून कॅमेरा वर नेला. त्यांच्या धडपडीवर आधी माहितीपट निघाला आणि 2024 साली त्यांच्यावर बेतलेला हिंदी चित्रपट टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. नागराज मंजुळे यांचंही तसंच. 'फँड्री'च्या आधी 'पिस्तुल्या' हा लघुपट होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता.

आपल्या मुलाने चाळीस हजारांतले काही पैसे बारा मिनिटांच्या लघुपटाला लावले. मिरचीची धूळ लेन्सवर बसायची, माइकवर ठसके यायचे. मावशीची भूमिका नाटकात काम करणाऱ्या एका मुलीने केली. चित्र जोडून झाल्यावर त्याने पहिल्यांदा मावशीलाच दाखवलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, देठं खुडणारीची नखं इतकी स्वच्छ नसतात. त्याने तो सगळा भाग पुन्हा चित्रित केला, आणि या वेळी हात मावशीचे घेतले.

महोत्सवांकडून नकार आले. एकाने घेतला. तिथे एका निर्मातीने तो पाहिला आणि विचारलं, पुढे काय करताय? मुलाजवळ पूर्ण लांबीची पटकथा तयार होती आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणीही झालेली होती. पंधरवड्याने करारनामा आला. रिमेकचे हक्क कुणाचे, ओटीटीचे पैसे कसे वाटायचे, श्रेयनामावलीत नाव कुठे, शूटिंग लांबलं तर मानधनाचं काय, अशी कलमांवर कलमं होती आणि त्याला त्यातलं निम्मंही उमगेना.

एजंट शोधायचा तो या घडीला. दाखवायला पुरं झालेलं काम आहे, त्याच्या मागोमाग विकायला दुसरं तयार आहे आणि समोर घेणारा उभा आहे. आता मुलाने फोन केला तेव्हा एजन्सीने त्याच दिवशी उलट फोन केला, कारण आता त्यांनाही त्यात चार पैसे दिसत होते. एकाच करारापुरतं काम असेल तर या विषयातला जाणता वकीलही पुरतो. एजंट लागतो तो कामं एकामागून एक येऊ लागली की. हॉलिवूडमध्ये एजंटचा रिवाज दहा टक्क्यांचा आहे, तोही मिळालेल्या पैशांतून. कॅलिफोर्नियात तर कलावंताकडून नोंदणी शुल्क घ्यायला एजन्सींना कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडेही जो कामाआधी पैसे मागतो त्याला एक रुपया देऊ नका, मग त्याचं ऑफिस कितीही चकचकीत असो.

मुलाच्या एजंटने करारातली चार कलमं बदलून घेतली. सही झाली, मानधनाचा पहिला हप्ता खात्यात जमा झाला आणि त्यानंतर एजंटचे दहा टक्के त्यातून गेले. तोवर मुलाच्या खिशातून एजंटपायी काहीच खर्च झालं नव्हतं, आणि कॅमेरा त्याच्याकडेच होता.