जातीला नंबर, माणसाला नाव

निपाणी-चिकोडी भागात उसाच्या बांधावर उभं राहून 'कोणती लागण केलीय?' असं विचारलं, तर उत्तर एका दमात येतं: 'शहाऐंशी बत्तीस', नाहीतर 'दोनशे पासष्ट'. शेजारच्या रानात सोयाबीन असेल, तर 'तीनशे पस्तीस'. पहिली जात कोइमतूरची, दुसरी पाडेगावच्या संशोधन केंद्राची, तिसरी जबलपूरची. एकेका जातीमागं निवडीची आणि चाचण्यांची दहा-बारा वर्षं असतात. ती कुणी घालवली हे ना शेतकऱ्याला ठाऊक, ना कारखान्याच्या स्लिपबॉयला.

शास्त्रज्ञाची याबद्दल तक्रार नसते. नोकरीत केलेलं काम संस्थेच्या नावावर जमा होतं, ते रास्तच. पण आपल्याकडं नावं कुणाची लागतात ते बघा. बेळगावात लिंगराज कॉलेज आहे. शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ साली वारले, ते आपली इस्टेट शिक्षणासाठी लिहून ठेवून. तिथं ते नाव शोभतं. राणी पार्वतीदेवी कॉलेज आहे, निपाणीला लागून देवचंद कॉलेज आहे. देसाई, संस्थानिक, व्यापारी: सगळे देणारे. ज्यानं पैसा नव्हे, उमेदीची वर्षं दिली, त्याचं नाव फार तर केंद्राच्या वार्षिक अहवालात, तेही आद्याक्षरांनिशी.

म्हणून कृषिशास्त्रज्ञाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या नावानं विद्यापीठाच्या ग्रंथालयात निधी ठेवायची कल्पना मला पटते. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ती रीत जुनी आहे. मुद्दल म्हणजे बियाण्याची कणगी, तिला हात लावायचा नाही. व्याजातून दरवर्षी पुस्तकं घ्यायची आणि आतल्या पानावर नावाची चिठ्ठी डकवायची. त्यातही मला आवडतं ते 'कुटुंबासह' हे. उसाला तुरा येतो दिवाळीच्या आगेमागे, आणि संकर तेव्हाच करायचा असतो; सणाला घरी कोण नसणार हे ठरलेलं. बदली होते ती शहराबाहेरच्या केंद्रावर, जिथून मुलांची शाळा लांब. आणि त्याच्याही आधी, त्याच्या फीपायी कुणीतरी रान गहाण टाकलेलं असतं, एखाद्या बहिणीची शाळा सुटलेली असते. त्या चिठ्ठीवर या सगळ्यांचा हक्क आहे.

शेती आणि ग्रंथालय यांचं नातं तसं नवं नाही. पी. एल. ४८० या अमेरिकी कायद्याखाली तिकडचा गहू आला, त्याचे रुपये इथंच साठले, आणि त्यातल्याच काही रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयानं भारतीय भाषांतली पुस्तकं, मराठीसुद्धा, विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना धाडली. आपण खाल्लेल्या गव्हाचं कुणी नाव काढत नाही, पण एखादं जुनं मराठी पुस्तक शिकागोत सापडतं आणि आपल्या तालुक्याच्या वाचनालयात सापडत नाही, त्याचं मूळ त्या गव्हात आहे.

आता निधीतून घ्यायचं काय? नवी चकचकीत पुस्तकं घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली, ती १९१७ साली छापून आली. गावातली सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, १९१५ मध्ये ७ एकरांवर आली, असं त्यात मांडलंय. हे मांडता आलं, कारण पेशवाईतले कागद कुणीतरी जपले होते. आज त्या शिवारात टॉवर उभे आहेत. तिथली शेती शिल्लक आहे ती मॅनसाहेबांच्या पुस्तकात. आपल्याकडं संशोधन केंद्रांचे जुने अहवाल, पावसाच्या नोंदवह्या, तंबाखूच्या चाचण्यांचे तक्ते, १९८१ च्या तंबाखू आंदोलनाची पत्रकं ही सगळी रद्दीच्या तोंडावर असतात. ती मिळवायची, लावायची, स्कॅन करायची. त्याला माणूस लागतो, म्हणून निधीतून आधी पगार निघाला पाहिजे. एक लाखाला सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार सुटतात, तेवढ्यात माणूस ठेवता येत नाही. मुद्दल मोठं लागेल.

ठेवायचा कुठं, हा प्रश्न सीमाभागात जरा अवघडच. निपाणीच्या शेतकऱ्याचं सरकारी कृषी विद्यापीठ धारवाडला, सल्ला कन्नडमध्ये. तो वाचतो ती महाराष्ट्रातल्या राहुरी कृषी विद्यापीठाची मराठी कृषिदर्शनी, आणि जवळचं कृषी महाविद्यालय म्हणजे ४० किलोमीटरवरचं कोल्हापूर, तेही राहुरीच्याच हाताखाली. काळी जमीन तीच, ऊस तोच, पण दोन विद्यापीठांचे अहवाल एका कपाटात येत नाहीत. माझ्या मते असा निधी शिवाजी विद्यापीठानं देवचंद कॉलेजसाठी ठेवावा. शहर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात, पोरं रोज हद्द ओलांडून वर्गात येतात. तिथं धारवाड आणि राहुरी शेजारी शेजारी लावता येतील. एका राज्याचं अनुदान दुसऱ्या राज्याचे अहवाल गोळा करायला कधी मिळायचं नाही. खासगी निधीनं करायचं काम असेल तर ते हेच.